आगाशे सरांची पलटण

वल्लरीने बापाकडे एकच अक्षर मागितलं होतं. तेही जेवणाच्या टेबलावर, आमटी वाढून घेता घेता, अगदी सहज.

"बाबा, पत्र आलं. सैन्यात अधिकारी म्हणून माझी निवड झालीय. मार्चमध्ये चेन्नईला हजर व्हायचं. पण तुम्ही हो म्हणालात तरच मी जाईन. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही."

श्यामसुंदर आगाशे यांचा आवाज हा कर्वेनगरातला मान्यवर आवाज होता. वीस वर्षं शाळेच्या मैदानावर एनसीसीच्या पोरांना 'सावधान' म्हणून म्हणून तो असा काही तयार झाला होता की नदीपलीकडच्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवत. निदान सर स्वतः तरी असं सांगत. आज त्या आवाजाला एक अक्षर निघेना. त्यांनी भात कालवला, कालवलेला पुन्हा कालवला आणि म्हणाले, "आमटी छान झालीय."

"सकाळचीच आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

 वल्लरीने पापड मोडला आणि अर्धा बापाच्या पानात ठेवला.

आता हा माणूस असा का अडला, हे कळायचं तर थोडं मागं जायला हवं. आगाशे सर मूळचे चित्रकलेचे मास्तर. विसाव्या वर्षी ते सैन्यात भरती व्हायला गेले होते, तेव्हा तळपाय सपाट म्हणून त्यांना परत पाठवलं. "डॉक्टरने एक पाय बघितला आणि दुसरा बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत," हे सर पुढं जन्मभर हसत सांगत राहिले. मग पदविका घेऊन ते शाळेत चिकटले आणि मुलांकडून फुलदाण्या काढून घेऊ लागले. एके वर्षी एनसीसी कुणाकडे द्यायची यावर शिक्षकांची सभा चालली होती. सर मध्येच चहा प्यायला बाहेर गेले आणि परत आले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. अशा रीतीने सपाट पायांचा माणूस कामठीला प्रशिक्षण घेऊन, मिशा राखून, 'थर्ड ऑफिसर' होऊन परत आला. "माझ्या हातात देशाचं संरक्षण द्यायची वेळ आली, यावरून देशाची परिस्थिती ओळखा," असं ते नव्या शिक्षकांना सांगत.

पण गंमत अशी की चुकून गळ्यात पडलेलं हे काम त्यांना आवडलं. नुसतं आवडलं नाही, अंगात भिनलं. देशाला नुसतं लष्कर पुरत नाही, प्रत्येक नागरिक अर्धा सैनिक हवा, असं त्यांचं ठाम मत बनलं आणि ते मत ते लग्नामुंजीतही पंगत बसेपर्यंत सांगत. कॉलेजच्या वयाचा एखादा चलाख पोरगा दिसला की इस्त्रीचा शर्ट घालून रविवारी सकाळी ते त्याच्या घरी जात. याला ते 'मागणी घालणं' म्हणत. आधी पोह्यांची स्तुती, मग भारताचा नकाशा, मग मातृभूमी. मुलाच्या बापाचे डोळे भरून येत. डोळे पुसून झाले की तो सांगे, आमच्या राजूचं इंजिनिअरिंगचं ठरलंय, पण समोरच्या ब्लॉकमधल्यांचा मुलगा चांगला धट्टाकट्टा आहे, त्यांच्याकडे बघता का जाऊन?

"शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात," सर दारात चपला घालता घालता म्हणत. ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यांना ही म्हण फार आवडायची, कारण ती नेहमी दुसऱ्याला लागू पडत असे.

वीस वर्षांत सरांनी पोहे पुष्कळ खाल्ले आणि सैन्याला जवान दिला तो एकच. त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या, लातूरकडून येऊन वारज्यात राहिलेल्या मुक्ताईचा थोरला मुलगा, तेजस. त्यालाही सरांनी मागणी घातली होती, पण निवड झाली ती भरतीच्या मैदानावर धावण्यात पहिला आला म्हणून; त्यात सरांचा हात नव्हता, पाय तर नव्हताच. सरांचा स्वतःचा मुलगा आमोद संगणक शिकला आणि न्यू जर्सीला गेला. त्याला मागणी घालायला सर विसरले. कुणी विचारलं तर सांगत, "आमची देशसेवा घाऊक आहे हो. किरकोळ विक्री घरात करत नाही."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं. पुण्यात तेव्हा प्रत्येक टीव्हीसमोर एक सेनापती बसलेला असायचा. सर सकाळपासून डोंगरावर चढत आणि रात्रीच्या बातम्यांनंतर उतरत. शेवटी सरोजिनीबाई म्हणाल्या, "उजव्या बाजूनं चढायला हवं होतं हे मला सांगून काय उपयोग? मी भेंडी चिरतेय."

बोलणं लागलं. सरांनी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. विषय: नागरी संरक्षण पथकाची स्थापना. विमा कंपनीतून निवृत्त झालेले बाबुराव सोसायटीचे सचिव होते. ते पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून बसले. सरांनी उभं राहून, आवाज चढवून विचारलं, "उद्या शत्रू आपल्या दारात आला, तर आपण काय करणार आहोत?"

"दार उघडणार नाही," बाबुराव म्हणाले. "सेफ्टी डोअर कशाला बसवलंय?"

तरी पथक निघालं. निवृत्त मंडळी बरीच होती, सुट्टीच्या दिवशी झोप न येणारे दोनतीन नोकरदार होते, आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार बद्रीनाथ होते. ते देशासाठी आले की उधारीवाल्यांना गाठायला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पथक म्हटल्यावर घटना हवी, असं बाबुरावांचं म्हणणं पडलं. पहिले काही रविवार नाव ठरवण्यात, अध्यक्ष कोण यात आणि मग आज्ञा कोणत्या भाषेत द्यायच्या यात गेले. एनसीसीतल्या 'दाहिने मुड'ला बाबुरावांची हरकत होती, कारण ते हिंदी. 'उजवीकडे वळ' चालेल, पण ते एकेरी झालं. पथकात पासष्टीचे लोक आहेत, त्यांना अरेतुरे कसं करणार? बऱ्याच चर्चेनंतर ठराव झाला आणि आज्ञा ठरली: "आपण उजवीकडे वळावे." सर ही आज्ञा छातीत हवा भरून देत. ती पुरी होईपर्यंत पहिली रांग कुंपणाला लागलेली असायची.

स्ट्रेचरच्या सरावाला जखमी कोणी व्हायचं, हा प्रश्न आला नाही. बद्रीनाथ आपणहून आडवे झाले. दोन बांबू आणि सरोजिनीबाईंची जुनी चादर. चौघांनी उचललं, चादरीने मधोमध देह ठेवला आणि बद्रीनाथ खरोखरच जखमी झाले. प्रथमोपचाराचा पाठ पुढच्या रविवारी होता. मग एकदा अंधाराचा सराव ठरला: संध्याकाळी आठ वाजता शिट्टी झाली की सगळ्यांनी दिवे घालवायचे. पावणेआठलाच अख्ख्या कर्वेनगरची वीज गेली. पथकाच्या इतिहासात पूर्ण यशस्वी झालेला सराव तेवढा एकच. "शिट्टीची गरजच पडली नाही," असं सर अभिमानाने सांगत.

वल्लरी या सगळ्यात आली ती आईच्या हुकमाने. "यांना उन्हात घेरी आली तर धरून घरी आण." ती तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दोन हजार साल उजाडल्यावर संगणक खुळे होऊ नयेत म्हणून जुन्या प्रोग्रॅममधली वर्षं दुरुस्त करत बसायचं, हे काम. आली त्या पहिल्या रविवारी ती पायरीवर बसून हसली. दुसऱ्या रविवारी तिने उठून बांबूला चादरीची गाठ कशी मारायची ते दाखवलं. पावसाळा भरात येईपर्यंत पथक तिचं ऐकायला लागलं होतं. आज्ञांचा घोळही तिनेच मिटवला. "बाबुरावकाका, आदर नंतर देता येतो. आधी वळा," असं ती म्हणाली आणि बाबुराव निमूटपणे उजवीकडे वळले. सरांनी ते पाहिलं. त्यांना पोरीचं कौतुक वाटलं. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली असेल, पण ती त्यांना ऐकू आली नाही.

जुलैत युद्ध संपलं. "आम्ही तयार होतोय हे शत्रूला कळलं असणार," सर म्हणाले. गणपतीत पथकाने मिरवणुकीत दोर धरला, तो मात्र उत्तम धरला, आणि मग ज्याचा तो आपापल्या घरी गेला.

दिवाळी झाल्यावर वल्लरीने सांगितलं की तिने सैन्यासाठी अर्ज केला होता आणि भोपाळला पाच दिवसांच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आहे.

"वा," सर म्हणाले. छान, खणखणीत 'वा' होता तो. मग ते गॅलरीत गेले, तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं आणि तिथंच उभे राहिले. त्यांना भीती वाटत होती. साधी भीती. उन्हाळ्यात टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या उतरताना दिसत, तेव्हा सर सोफ्यावरून उठून उभे राहत आणि त्यांचे डोळे भरत. तेव्हा अभिमान वाटायचा. आता ती आठवणच नको वाटली. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,' दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते आरशातल्या माणसाला म्हणाले. आरशातल्या माणसाने नजर चुकवली आणि हनुवटीला कापून घेतलं.

नाही म्हणायची सोय नव्हती. ज्या तोंडाने अर्ध्या कर्वेनगराला मागणी घातली, त्या तोंडाने आपल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? तेव्हा सरांनी एक युक्ती काढली. वल्लरीची तयारी स्वतः करून घ्यायची. वीस वर्षांत त्यांनी अधिकाऱ्यांच्या मुलाखतीसाठी जी काही पोरं तयार केली होती, त्यांतला एकही पुढे गेला नव्हता. इतका निष्कलंक इतिहास असलेला शिक्षक सबंध महाराष्ट्रात दुसरा मिळाला नसता. शिवाय यात फसवणूक अजिबात नव्हती. नेहमीसारखंच शिकवायचं होतं.

रोज संध्याकाळी वर्ग भरू लागला. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर गप्प बसायचं नाही, उत्तराभोवती फेऱ्या मारायच्या. गटात काम दिलं की सगळ्यांच्या आधी आवाज चढवायचा, म्हणजे नेतृत्व दिसतं. बोलताना मूठ टेबलावर आपटायची. वल्लरी गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, मूठ कोणत्या शब्दावर आपटायची?"

"देश," सर म्हणाले. सरोजिनीबाई आतून म्हणाल्या, "टेबल आपलं आहे, जपून."

भोपाळहून वल्लरी परत आली ती उत्तीर्ण होऊन. बॅग खाली ठेवता ठेवता तिला हसू आवरेना. "तुमचं सगळं उपयोगी पडलं, बाबा. तिथं काही मुलं अगदी तस्संच करत होती. आरडाओरडा, मूठ, उत्तराभोवती फेऱ्या. त्यांना पहिल्याच दिवशी परत पाठवलं. मी म्हटलं, अरे, हे तर ओळखीचं आहे, हे करायचं नाही."

सर हसले. आपल्यावर हसण्याची त्यांना सवय होती आणि हे तर खरोखरच हसण्यासारखं होतं. घाव मागाहून लागला.

वैद्यकीय तपासणी राहिली होती. सरांची शेवटची आशा रक्तावर होती. "पाय ओले करून बाथरूमच्या बाहेर एक पाऊल टाक पाहू," ते म्हणाले, "बघूया, काही अडचण तर नाही." वल्लरीने कोरड्या फरशीवर पाऊल टाकलं. टाच, बोटं आणि मध्ये नदीच्या वळणासारखी एक कड. नेमकं, डौलदार, वर्गात फळ्यावर काढून दाखवावं असं पाऊल. सरांनी शेजारी आपलं उमटवलं. ते थालीपिठासारखं दिसत होतं.

"आईवर गेलेय मी," वल्लरी म्हणाली.

आणि मग ते पत्र आलं, ती आमटी झाली आणि ते एक अक्षर मागितलं गेलं.

दिवस जाऊ लागले. सर बोलत होते, पुष्कळ बोलत होते, तेवढं सोडून. वल्लरीची कंपनी तिला शिकागोला पाठवायला तयार होती. ज्या अमेरिकेला सर आजवर 'आपल्या पोरांची सासुरवाडी' म्हणत, तिची ते आता स्तुती करू लागले. तिथले रस्ते, तिथली शिस्त. आमोदचा रविवारी फोन आला की ते त्याला मुद्दाम मोठ्याने हवामान विचारत. वल्लरी ऐकायची आणि वाट बघायची. तिने एकदाही पुन्हा विचारलं नाही. तेच सरांना जास्त जड जात होतं. पोरीने भांडण काढलं असतं तर त्यांनी भांडणात तरी काहीतरी बोलून टाकलं असतं.

इकडे बाबुरावांना निवडीची बातमी कळली. पुण्यात माणसाच्या हातून काही चांगलं घडलं की त्याला शालीतून सुटका नाही. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सत्कार ठरला, फळ्यावर सूचना लागली, आणि बापाने अजून होकार दिलेला नाही ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही आली नाही. सर तरी कुठल्या तोंडाने सांगणार? मागणी घालणाऱ्या माणसाला घरात होकार जमत नाही, हे फळ्यावर लिहायचं?

शनिवारी सगळे जमले. पथकातले झाडून सगळे आले होते. बद्रीनाथ कमरेला पट्टा लावून आले होते. मागच्या रांगेत मुक्ताई बसली होती. सर पुढच्या खुर्चीत बसले आणि त्यांची नजर मंचामागच्या जांभळ्या पडद्यावर गेली. बाबुरावांनी थर्मोकोलची अक्षरं स्वतः कापून लावली होती, सुबक होती: 'वीरपिता श्यामसुंदर आगाशे आणि कन्या वल्लरी यांचा सत्कार'.

त्या उन्हाळ्याने सगळ्या महाराष्ट्राला हा शब्द शिकवला होता. ज्यांची मुलं परत आली नाहीत, त्या बापांना तो लावत. बाबुरावांच्या मनात काही वाईट नव्हतं. मोठा शब्द सापडला, तो त्यांनी लावला. हॉलमध्ये कुणाला काही खटकलंही नाही.  सरांना मात्र उठून ओरडावंसं वाटलं आणि ते बसून राहिले.

उठल्या त्या सरोजिनीबाई. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पदर खोचला, वर चढल्या आणि 'वी' आणि 'र' ही दोन अक्षरं टाचण्यांसकट उपटून पर्समध्ये टाकली. खाली उतरून आपल्या जागी बसल्या.

"काही चुकलं का, वहिनी?" बाबुरावांनी विचारलं.

"नाही. जास्त झालं होतं," त्या म्हणाल्या.

पडद्यावर नुसतं 'पिता' उरलं. त्याच्याखाली उभं राहून सरांना भाषण करायचं होतं. त्यांनी काहीही ठरवलं नव्हतं, त्यामुळे वीस वर्षांची जीभ आपणहून चालू लागली. नकाशा आला, मातृभूमी आली आणि सवयीने शेवटचा प्रश्नही आला: "आता मला सांगा, तुमच्यापैकी कोण आपलं मूल देशाला देणार आहे?"

हॉलमधल्या माणसांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. हे दृश्य सरांनी उभ्या जन्मात कितीतरी घरी पाहिलं होतं आणि दर वेळी त्यांना त्या माणसांची कीव आली होती. आज त्यांना ती माणसं समजली. तीही अशीच घरी जाऊन तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालत असतील. ते भाषण तिथंच तोडून खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. टाळ्या जोरात पडल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही वल्लरीला ऑफिसला जायचं होतं. ती आवरत होती. मुक्ताई पोळ्यांना बसली होती आणि सरोजिनीबाई ओट्याशी उभं राहून कांदा चिरत होत्या. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. रात्रभर डोक्यात घोळत होतं ते त्यांनी विचारून टाकलं.

"मुक्ताई, तेजसला सैन्यात पाठवा म्हणून मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं का? तेव्हा तुम्ही हो कसं म्हणालात?"

मुक्ताईचं लाटणं थांबलं नाही. "म्या कुटं हो म्हनले, सर?"

"म्हणजे?"

"मला कुनी इचारलंच न्हाई. तुमी आलात, पोराच्या बापासंगं बोललात. पोरगं तुमच्या तोंडाकडं बगत हुतं. म्या आत चा करत हुते. जाताना तुमी म्हनलात, माउली, धन्य हायसा तुमी. आन गेलात."

"आणि विचारलं असतं तर?"

"न्हाई म्हनले असते," मुक्ताई म्हणाली. तिने पोळी तव्यावर टाकली, कडा दाबल्या. "आता त्याचं ब्येस चाललंय. बायकू हाय, लेकरू हाय. माजी काय तक्रार न्हाई. पन तुमी इचारलं तवाचं, म्हनून सांगितलं."

सर दाराची चौकट धरून उभे राहिले. वीस वर्षांच्या कामात पदरी पडलेला एकुलता एक होकार, आणि तोही कुणी दिलेलाच नव्हता. याच्यावर एखादी चांगली कोटी झाली असती. ती सुचली नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी आमोदला विचारलं होतं, बाबुरावांकडे आडून आडून चाचपून पाहिलं होतं, आरशालाही विचारलं होतं.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

"कशाचं?"

"वल्लरीचं."

सरोजिनीबाईंनी सुरी खाली ठेवली. "आज सुचलं विचारायचं? नाही. मला विचाराल तर माझं उत्तर नाही आहे."

मिळालं होतं. सर इतके दिवस जे धुंडाळत होते, ते स्वयंपाकघरात तयार पडलेलं होतं. आता फक्त जाऊन सांगायचं, बाळ, माझी हरकत नाही, पण तुझ्या आईचा जीव तयार होत नाही. अब्रू राहिली असती, पोरगीही राहिली असती. सर वळलेदेखील. आणि वळता वळता त्यांना स्वतःची शरम वाटली. शिवाजी तर त्यांना शेजारच्या घरात हवा होताच. आता नकारही शेजारच्याच तोंडून हवा होता.

"माझं नाव सांगू नका तिला," सरोजिनीबाई मागून म्हणाल्या, जणू त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तिनं मला विचारलं नाही, ते बरं केलं. मी खरं सांगितलं असतं आणि ती थांबली असती. मग रोज सकाळ-संध्याकाळ तिचं तोंड बघायचं. ते मला झेपणार नाही. जाईल तेव्हा मी रडेन, स्टेशनवर सगळ्यांसमोर रडेन, तुम्ही मला गप्प करायचं नाही. एवढंच."

डोळे त्यांनी पुसले नाहीत. कांदा होता, त्यामुळे तशी सोय होती.

वल्लरी खाली गेली होती. सर पायात सापडल्या त्या स्लिपरा घालून जिना उतरले. पार्किंगमध्ये तिने स्कूटर चालू केली होती आणि तोंडाला, कानांना, कपाळाला रुमाल घट्ट गुंडाळून ती फक्त डोळ्यांपुरती उरली होती, पुण्यातल्या सगळ्या मुलींसारखी. बाप समोर येऊन उभा राहिलेला पाहून ती थांबली. इंजिन धडधडत होतं.

"हो," सर म्हणाले.

म्हणून टाकलं. सुटलो, असं त्यांना वाटलं. 

वल्लरीने गाडी बंद केली. कानावरचा रुमाल सोडवला. "काय म्हणालात?"

आता दुसऱ्यांदा म्हणायचं होतं. पहिल्यांदा ते कसंबसं सांडून गेलं होतं. आता उचलून तिच्या हातात द्यायचं होतं. म्हशींना ऐकू जाणारा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"हो म्हणालो," सर म्हणाले. "जा तू. मला फार भीती वाटते गं."

"मलाही वाटते," वल्लरी म्हणाली. तिने गाडी स्टँडवर लावली आणि ऑफिसला उशीर होत असूनही बापाचा हात धरून ती त्यांच्यासोबत जिन्याच्या पायरीवर बसली.